नाकावरचं बिऱ्हाड

पुरुष घोरला की तो दमलेला असतो. बाई घोरली की ती घोरते. माझा नवरा तीस वर्षं असा घोरला की मागच्या गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची, आणि सासूबाई लेकाच्या कौतुकाने म्हणायच्या, "दमलो हा माझो झील, निजान दे तेका." मी मात्र माझ्या घोरण्याला घोरणं म्हणायला कधीच तयार नव्हते. श्वास जरा मोठ्याने येतो, एवढंच. नवरा सात वर्षांपूर्वी गेला, एकुलता एक साक्षीदार गेला, आणि त्यानंतर माझ्याविरुद्ध बोलणारं घरात कोणी उरलं नाही.

मग सून आली. मुलगा मुंबईला नोकरीत, सून कुडाळला एका पतपेढीत. मालवणहून कुडाळला जायच्या रस्त्यावर आमचं गाव. सकाळी नऊला सून स्कूटी काढायची, आणि मग दिवसभर घरात मी आणि माझी तीन वर्षांची नात. राज्य आमचं. सकाळी पेज, दुपारी भात आणि माशाची कढी, मधल्या वेळात भांडण. ती मला "आजी, तू खोटा बोलतंस" म्हणायची आणि मी तिला "शिरा पडो तुझ्या तोंडार" म्हणायची. फार प्रेमाचं घर होतं.

एका दुपारी जेवण झाल्यावर मी पडवीत चटई टाकली. नात बाजूला भातुकली मांडून बसली होती. माझा जरा डोळा लागला. आता जेवल्यावर बाईमाणसाचा डोळा लागू नये असा काही कायदा आहे का? डोळे उघडले तेव्हा सून माझे खांदे धरून मला गदागदा हलवत होती, तोंडावर पाणी ओतलेलं, पदर चिंब. पतपेढीला अर्धी सुट्टी मिळाली म्हणून ती लवकर आली होती. "अगो, काय झाला काय?" मी विचारलं. ती नातीला उचलून आत गेली आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटीवर पुढ्यात नात उभी. "तिला आजपासून पिंगुळीला माझ्या आईकडे सोडते आहे. संध्याकाळी घेऊन येईन." माझ्या सुनेचा राग ओळखायचा सोपा उपाय आहे. एरवी ती आमच्यासारखीच मालवणी बोलते. रागावली की पतपेढीच्या काउंटरवरची मराठी सुरू होते. मी म्हटलं, "वायच डोळो लागलो तर एवढा काय?" ती म्हणाली, "आई, आपण डॉक्टरांना दाखवून घेऊ." म्हणजे माझी नात सुनेच्या आवशीच्या ताब्यात, आणि मी डॉक्टरच्या. विहीणबाई जागसूद असणार. त्यांना झोप येत नसणार. देवाने त्यांना पापण्याच दिल्या नसतील.

गोव्याला नेलं मला. तिथे झोपेची परीक्षा घेतात. डोक्याला वायरी, छातीला पट्टे, बोटाला चिमटा, नाकात नळी, आणि वर सांगतात, आता निवांत झोपा. सकाळी डॉक्टरने कागद पुढ्यात धरला आणि म्हणाला, "आजी, झोपेत तुमचा श्वास सारखा थांबतो." मी म्हटलं, "मला तर कधी जाणवलं नाही." तो म्हणाला, "तुम्ही झोपलेल्या असता." एवढं शिकलेला माणूस, त्याच्याशी वाद कोण घालणार. त्याने मशीन लिहून दिलं. रोज रात्री नाकावर मास्क लावायचा, मशीन त्यातून हवा ढकलत राहणार, घसा उघडा राहणार. दोन-तीन महिने नीट वापरलंत तर दिवसाची पेंग जाईल, म्हणाला. मी लगेच सुनेकडे बघून नातीचं विचारलं. "मगे चेडवाक माझ्याकडे ठेवशीत?" सून खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बघूया."

तेव्हा मनाशी ठरवलं. हृदय, रक्तदाब वगैरे डॉक्टरने त्याच्या कागदावर ठेवावं. मला माझी नात दुपारची परत हवी होती, आणि त्यासाठी नाकावर नांगर बांधा म्हणाले असते तरी मी बांधला असता. निदान तेव्हा तसं वाटलं होतं.

मशीन घरी आलं तेव्हा शेजारीण बघायला आली. "ह्या काय गो? मिक्सर?" मी म्हटलं, "व्हय. रात्री माका वाटूक." तिने मास्क हातात घेतला, पट्टे ओढून बघितले, नळी उलटसुलट केली आणि चहा पिऊन गेली. संध्याकाळपर्यंत अख्ख्या वाडीला कळलं की हिला ऑक्सिजन लावला आहे. दोघी जणी फळं घेऊन आल्या. एकीने तर माझा हात हातात धरून विचारलं, "काय खाऊची इच्छा आसा काय?" मी शार्क माशाचं तिखट कालवण सांगितलं, "मोरीचा मटण." तिला वाटलं, ही आता फार दिवस काढत नाही.

पहिल्या रात्री कळलं की हा मास्क ज्याने बनवला त्याने अंबाडा कधी पाहिलेला नाही. चाळीस वर्षं मी अंबाडा घालते, नवरा होता तोवर त्यावर अबोलीचा वळेसर, म्हणजे गजरा. मास्कचे पट्टे नेमके तिथेच मागे एकमेकांना भेटतात. अंबाड्याच्या वर घेतले तर कपाळावरून निसटतात, खाली घेतले तर कानात रुततात. उताणी झोपले तर उशीवर अंबाडा, अंबाड्यावर बक्कल, आणि मान अशी वर की छताचा वासा न् वासा मोजावा. एका कुशीवर झाले की मास्क एका बाजूने उचलला जायचा आणि त्यातून हवा सुटायची. हवा सुटण्याचा आवाज कसा होतो ते मी लिहिणार नाही. पलीकडच्या खोलीतून नातीने विचारलं, "आई, आजीन पादल्यान?" एवढं पुरे.

आणि तोंड! रात्री दोन वेळा उठून पाणी प्यायचे मी, तरी सकाळी जीभ टाळूला चिकटलेली. हवा घशातून फुप्फुसात जायची ती माझ्या बाबतीत अर्धी पोटात जायची. सकाळी देवापुढे निरांजन लावताना एकामागून एक ढेकर. देवाला वाटलं असेल, हिने नैवेद्य आधीच आटोपला.

आठवडाभरात नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठला, मग साल गेली. शेजारणीने विहिरीवर गाठलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "खरा सांग, सुनेन मारल्यान?" मी म्हटलं, "व्हय, रोज रात्री. टायमर लावून." आमच्याकडे खोबरेल हे सगळ्यावरचं औषध. भाजलं, कापलं, केस गळले, बिजागरी करकरली, लावा खोबरेल. मी नाकाला चोपून खोबरेल लावलं आणि वर मास्क चढवला. मध्यरात्री मास्क गालावरून घसरत कानाशी गेला आणि मशीन माझ्या कानात फुंकर घालत बसलं. चार दिवसांत मास्कची गादी फुगून वाकडी झाली. मशीनच्या कंपनीतली बाई फोनवर म्हणाली, "मॅडम, तेल अजिबात लावायचं नाही." मॅडम! माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदा कोणी मॅडम म्हटलं, ते खोबरेल लावू नका सांगायला.

त्याच बाईला मी वासाबद्दलही छळलं. तिसऱ्या-चौथ्या रात्रीपासून मास्कमधून असा वास यायचा की झोपेत मला मालवणचा बाजार दिसायचा. टोपल्या, बर्फ, घासाघीस, सगळं. बाई म्हणाली, "मॅडम, मास्क धुवा." धुतला. "मॅडम, फिल्टर बदला." बदलला. "मॅडम, पाण्याची टाकी साफ करा." केली. वास वाढतच गेला. मी मुलाला मुंबईला फोन करून सांगितलं की तुझ्या मशीनमध्ये काहीतरी मेलेलं आहे, परत पाठव. शेवटी एका संध्याकाळी सून खोलीत आली, उभी राहिली, हुंगलं, आणि माझ्याकडे बघितलं. माझ्या खाटेजवळ टेबल नाही. मशीन पहिल्या दिवसापासून मी पत्र्याच्या डब्यावर ठेवलं होतं, उंचीला बरोबर बसायचं. त्या डब्यात पावसाळ्याच्या बेगमीची सुकी मासळी. सोडे, सुके बांगडे, गोलमो म्हणजे सुका जवळा. मांजराच्या भीतीने मीच तो माझ्या खोलीत ठेवते. झाकण एका बाजूने उचललेलं, आणि मशीन मागच्या बाजूने तिथलीच हवा ओढून रात्रभर माझ्या नाकात भरत होतं. सून खाली बसून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मीही हसले, आणि तेवढ्यात साधून विचारलं, "मगे सोमवारपासून चेडवाक ठेवतंस?" तिचं हसणं थांबलं. "बघूया, आई."

बघूया, बघूया. महिना उलटला होता. रोज सकाळी नात स्कूटीवरून मला हात हलवायची आणि दिवसभर घर मला खायला उठायचं. दुपारी एकटीसाठी भात शिजवायचा तर हात चालत नव्हता. वारा सुटला की लाईट जायची, वारा नसला तरी जायची, आणि लाईट गेली की मशीन बंद, मास्कात गुदमरून मी जागी. मग सुनेने इन्व्हर्टर बसवला, म्हणजे तीही पळवाट बंद. आणि मशीनमध्ये एक चुगलखोर बसवलेला. मी किती तास मास्क लावला, मध्ये कितीदा काढला, सगळं सकाळी मुंबईला माझ्या मुलाच्या मोबाईलवर. ज्याला शाळेत असताना मी कधी गृहपाठ विचारला नाही, तो आता मला रोज सकाळी फोन करून विचारायचा, "आई, काल तीनच तास?"

एकदा मी मशीन चालू करून मास्क नुसता उशीवर ठेवला आणि झोपले. सकाळी फोन. "आई, मास्क लीक होता. रात्रभर." म्हणजे हवा अडवायला पुढे कोणाचं तरी तोंड हवं. मी विचार केला. नारळ काय वाईट?

हसू नका. शेंडी ठेवून सोललेला नारळ नीट बघा. गोल डोकं, मागे शेंडी, शेंडीखाली तीन डोळे, पट्टे अडकवायला याहून सोयीचं काय? आणि अंबाडा नाही. मास्क त्याच्या तोंडावर घट्ट बसवला, पट्टे शेंडीमागून ओढले, फट राहील तिथे ओली सुती पट्टी दाबली, आणि माझ्या उशीवर ठेवून चादर पांघरली. मशीन शांत सुरू. एक फुर्रकन आवाज नाही. मी खाली चटई टाकली आणि महिन्यात पहिल्यांदा पसरून झोपले. अंबाड्यासकट.

सकाळी उजाडायच्या आधी उठून मी मागच्या न्हाणीत आंघोळीच्या पाण्याची चूल पेटवायला गेले. मोठी शहाणी! मशीन काय सांगतं ते मला काय माहीत? मुंबईला मुलाने डोळे चोळत मोबाईल बघितला, तर मास्क सात तास लावलेला आणि त्या सात तासांत श्वास एकही नाही. एकही. त्याने बायकोला फोन केला. तो काय बोलला ते मला कोणी सांगितलं नाही. मला ऐकू आली ती सुनेची किंकाळी.

फुंकणी हातात घेऊनच मी धावत आले. सून माझ्या खाटेवर बसली होती. चादर जमिनीवर, नारळ तिच्या मांडीवर, त्याच्या तोंडाला मास्क तसाच, आणि मशीन त्याला इमानेइतबारे हवा पुरवत होतं. फोनमधून मुलगा ओरडत होता. मला आधी हसू फुटलं. मी म्हटलं, "अगो, घाबरू नको, तो गेलो नाय, तो नारळ हा." आणि मग बघितलं, तिने नारळ पोटाशी गच्च धरून ठेवला होता. 

"हसतास?" ती म्हणाली. मला वाटलं, आता काउंटरची मराठी सुरू होणार. नाही झाली. "आई, त्या दिवशी मी घरात इलंय तेव्हा काय बघलंय ता तुमका ठावक तरी आसा?"

"डोळो लागलेलो माझो," मी म्हटलं. "चेडू खेळा होता."

"खेळा नाय होती ती. तुमच्या उशाशी बसलेली. तुमच्या गालार थापट्यो मारी होती. आजी उठ, आजी उठ. तुमचे ओठ निळे झालेले आणि छाती हलना नाय होती. मी हलवलंय, पाणी ओतलंय, तेव्हा खंय तुमी श्वास घेतलात." तिने डोळे पुसले नाहीत. "तुमच्यार विश्वास नाय म्हणून मी तिका पिंगुळेक नेलंय असा वाटता तुमका? तुमी असेच गेलात असतात आणि मी सांजेक इलंय असतंय, तर ती दिवसभर तुमका उठवत बसली असती. एकटी. तिका वाटला असता, आजी उठणा नाय म्हणजे माझाच कायतरी चुकला. ता माका नको होता, आई. आणि आज सकाळी माका वाटला, तुमी गेलात."

माझ्या हातातली फुंकणी खाली पडली. इतके दिवस मी वाडीभर सांगत होते की सुनेला मी नकोशी झाले. विहीणबाईंच्या पापण्या काढल्या. देवापुढे बसून सुनेच्या नावाने बोटं मोडली. आणि ही बाई रोज सकाळी स्कूटी चालू करताना मागे वळून मला का बघायची, ते मला त्या दिवशी कळलं. मला माझी लाज वाटली. एवढी लाज मला घोरण्याचीही कधी वाटली नव्हती. मी तिच्या बाजूला बसले, नारळाच्या तोंडावरचा मास्क काढला आणि म्हटलं, "चुकलंय गो बाय."  तिने फोन कानाला लावून नवऱ्याला सांगितलं, "आई बऱ्या आसत. ठेव आता." आणि मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. न्हाणीतली चूल विझली, आणि त्या दिवशी दोघींनी थंड पाण्याने आंघोळ केली.

त्या रात्री मी अंबाडा सोडला. एका बाजूला सैल वेणी घातली आणि पट्टे नीट बसवले. मशीन काही सुधारलं नाही. नाक दुखलं, घसा सुकला, पोटात वारा भरला, सगळं पूर्वीसारखंच. कंपनीच्या बाईने नाकावर यायची दुसऱ्या आकाराची गादी पाठवली, ती जरा कमी टोचते. "मॅडम, आता कसं वाटतं?" तिने विचारलं. मी म्हटलं, "वैताग वाटतो." ती म्हणाली, "सवय होईल." सवय झाली नाही. पण काही आठवड्यांनी दुपारी जेवल्यावर मी भांडी घासून, कपडे वाळत घालून, शेजारणीशी भांडून आले तरी डोळे उघडेच होते. ते मात्र खरं. डॉक्टरला मी तसं सांगणार नाही, उगाच फुशारेल.

आणि एक गोष्ट तेव्हाच माझ्या ध्यानात आली. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, मी कुठेही जरा आडवी झाले की नात खेळ टाकून यायची आणि उशाशी बसायची. मी समजत होते, आजीचा लळा आहे. दोनदा तर तिच्यावर खेकसलेही, "जरा पाठ टेकू देशीत काय माका?"

मागच्या रविवारी सकाळी भाकऱ्या थापताना सून सहज म्हणाली, "उद्यापासून हिका हयच ठेवतंय." मी तव्यावरची भाकरी उलटली. बोलले असते तर करपली असती. दुपारी सून घरात होती, म्हणून मी जरा पडायचं म्हटलं, आणि डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे दिवसाच्या झोपेलाही मास्क लावला. नात आली. उशाशी बसली. मला बघितलं, नळीला बघितलं, आणि आपला चिमुकला तळवा माझ्या छातीवर ठेवला. छाती वर गेली, खाली आली. पुन्हा वर गेली, खाली आली. तिने बराच वेळ हात काढला नाही. मास्क लावून तोंड उघडलं की हवा भसकन बाहेर येते, बोलता येत नाही, म्हणून मी तिचा हात उचलून त्यावर थोपटलं आणि अंगणाकडे बोट केलं. जा, खेळ जा. ती उठली आणि धावत गेली. एकदाही मागे वळून बघितलं नाही तिने.